पाँटून बोटीच्या अ‍ॅल्युमिनियम नळीला चीर पडली आहे: वेल्डिंग करावे की इपॉक्सी लावावे?

जलवाट (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे दोन नळ्यांची पाँटून बोट (बंद, पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट बोट) असून ती गोड्या पाण्याच्या तलावात चालते. काठाला लावताना डाव्या नळीचा पुढचा भाग पाण्याखालच्या खडकावर आपटला. त्या जागी तळहाताएवढा पोचा पडला आहे. पोच्याच्या कडेला, जिथे नळीचे कप्पे पाडणारी आतली आडभिंत नळीला जोडलेली आहे त्या गोल जोडालगत, दोन पेरांएवढ्या लांबीची केसासारखी बारीक चीरही दिसते. नळीचा व्यास साधारण ६० सेंटिमीटर आणि पत्र्याची जाडी अडीच मिलिमीटर आहे.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की बोट नुसती पाण्यात उभी असते तेव्हा नळीत फारसे पाणी शिरत नाही. उन्हात ट्रेलरवर राहिलेली बोट पाण्यात सोडली, की मात्र थोड्याच वेळात ती डावीकडे कलते. परत वर घेऊन त्या कप्प्याचे बूच उघडले की पाणी कितीतरी वेळ वाहत राहते. एवढ्या बारीक चिरेतून इतके पाणी कसे येते हे मला कळलेले नाही, आणि ते कळल्याशिवाय दुरुस्तीला हात घालणे मला बरे वाटत नाही.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत: दोन भागांचे इपॉक्सी, साध्या गॅसच्या ज्योतीवर वितळणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या झाळकामाच्या कांड्या, किंवा रीतसर वेल्डिंग. यांपैकी टिकाऊ काय ठरेल? पोचा बाहेर काढणे आवश्यक आहे काय? आणखी एक बाब म्हणजे नळीचा तळ ट्रेलरच्या लाकडी आधारांवर जिथे टेकतो, त्या पट्ट्यात टाचणीच्या डोक्याएवढे पांढरट खड्डे पडले आहेत. त्यांचा या चिरेशी संबंध असू शकेल का?

खोलमाप

आपण दुरुस्तीआधी कारण विचारलेत, म्हणून मी त्याच भागाचे उत्तर सविस्तर देतो.

बंद कप्प्यातील हवा तापते आणि थंड होते, आणि पाणी आत शिरण्याचे मुख्य कारण तेच आहे. उन्हात नळीतली हवा सहज ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. चीर असल्यामुळे वाढलेला दाब बाहेर निघून जातो. मग हीच नळी २० अंशांच्या पाण्यात उतरली की आतली हवा नऊ टक्क्यांच्या आसपास आकसते, म्हणजे बाहेरच्या दाबापेक्षा आतला दाब सुमारे ९ किलोपास्कलने कमी होऊ पाहतो. चीर पाण्याखाली ४० सेंटिमीटर असेल तर नुसत्या खोलीमुळे पडणारा दाब ४ किलोपास्कलच असतो. पाण्याला आत ढकलणाऱ्या जोरापेक्षा आत ओढणारा जोर दुपटीहून अधिक आहे, असा याचा अर्थ होतो. ६० सेंटिमीटर व्यासाच्या नळीत दर मीटर लांबीला सुमारे २८० लीटर जागा असते. कप्पा दोन मीटर लांबीचा धरला, तर एवढ्या एका आकसण्यात पन्नासेक लीटर पाणी आत येऊ शकते. चीर आतल्या पाण्याच्या पातळीच्या वर आहे तोवर दुसऱ्या दिवशीच्या उन्हाने त्याच वाटेने हवा बाहेर पडते आणि रात्री तीच वाट पुन्हा पाणी ओढते. बोट नुसती उभी असताना पाणी येत नाही याचेही कारण हेच आहे, कारण कोंडलेल्या हवेला बाहेर जायला दुसरी वाट नसेल तर ती थोडीशी दबते आणि पुढचे पाणी अडवून धरते.

या हिशेबातून दुरुस्तीविषयी एक महत्त्वाची गोष्ट निघते. नळी पूर्ण बंद झाल्यावर आतली हवा २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापली, तर आतून सुमारे १४ किलोपास्कल, म्हणजे २ पीएसआय दाब येतो. जे काही आपण चिरेवर लावाल त्याला पाणी बाहेरून दाबेल आणि हवा आतून उचटून काढू पाहील, तेही रोज. बाहेरून थापलेला कोणताही लेप या दुसऱ्या जोरापुढे टिकेल का, हा प्रश्न आधी विचारावा.

आता तपासणीविषयी. डोळ्यांना दिसणारी चीर हीच एकमेव गळती आहे असे गृहीत धरू नये. विशेषतः आघात आडभिंतीच्या जोडावर झालेला असताना ती भिंत आतून फाटलेली असण्याची शक्यता खरी असते, आणि तसे झाले असेल तर दोन कप्पे मिळून एक झालेले असतात. बाहेरची चीर बुजवली तरी पुढच्या एखाद्या अपघातात दोन्ही कप्पे एकाच वेळी भरतील. म्हणून कप्पा पूर्ण रिकामा करून बुचाच्या आट्यांत हवेची नळी बसवावी, हवा हळूहळू भरावी आणि सर्व जोडांवर साबणाचे पाणी फिरवावे. त्याच वेळी शेजारच्या कप्प्याचे बूच काढून त्याच्या तोंडावर साबणाचा पापुद्रा धरावा. तो फुगला तर भिंत फुटलेली आहे. शेजारच्या कप्प्याला बूचच नसेल, तर तो स्वतंत्रपणे भरून पाहण्याची काही सोय वेल्डरकडून करून घ्यावी लागेल.

ही चाचणी करताना कॉम्प्रेसरची नळी थेट जोडू नका, हे मी अत्यंत आग्रहाने सांगतो. २ पीएसआय हा आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु ६० सेंटिमीटर व्यासाच्या टोकावर त्याचा एकूण जोर जवळजवळ ४०० किलो वजनाइतका होतो, आणि कॉम्प्रेसरचा दाब याच्या कैक पट असतो. टोक फुगणे, आडभिंत कायमची वाकणे किंवा जोड उसवून टोकाची टोपी उडणे यांपैकी काहीही होऊ शकते. हातपंप वापरावा, आणि हवेच्या वाटेला एक फाटा काढून त्याची रुंद नळी एक मीटर खोल पाण्यात बुडवून ठेवावी. आतला दाब १० किलोपास्कलच्या आसपास पोहोचला की जादा हवा त्या नळीतून बुडबुड्यांनी निघून जाते. गळती शोधण्यासाठी एवढा दाब पुरतो, आणि हात चुकून जास्त चालला तरी नळी सुरक्षित राहते.

आर्गॉनधारा

वरील विवेचन अचूक आहे, आणि त्याच कारणासाठी माझे मत वेल्डिंगच्या बाजूने आहे. चीर जोडालगत आहे, आडभिंत जवळ आहे आणि बोट चालताना ही जागा सतत लवते. अशी चीर थांबत नाही, ती पुढे सरकते.

पाँटूनच्या नळ्या बहुतेक वेळा ५०५२ या मिश्रधातूच्या, एच३२ या ताणून कठीण केलेल्या अवस्थेतील पत्र्याच्या असतात. त्यात सुमारे अडीच टक्के मॅग्नेशियम असते. त्यासाठी ५३५६ ही फिलर कांडी (वितळून जोडात भरली जाणारी कांडी) योग्य. ४०४३ ही कांडी सहज मिळते आणि तिचा रस छान वाहतो, त्यामुळे अनेक वेल्डर तीच उचलतात. परंतु तिच्यातील सिलिकॉन आणि पत्र्यातील मॅग्नेशियम यांच्या संयोगाने जोड कमी लवचीक होतो, आणि लवणाऱ्या जागी मला तो नको असतो. वेल्डरला काम देण्यापूर्वी तो कोणती कांडी वापरणार हे अवश्य विचारावे. त्याच्या उत्तरावरून त्याला अ‍ॅल्युमिनियमची किती जाण आहे हेही कळते.

पद्धत म्हणाल तर अडीच मिलिमीटरच्या पत्र्याला एसी टिग (टंगस्टनच्या टोकाने, कांडी हाताने देत करायचे वेल्डिंग) आणि जोडाला हवेपासून वाचवणारा शुद्ध आर्गॉन वायू हे सर्वांत नियंत्रित साधन आहे. स्पूल गन लावलेल्या मिगनेही (बंदुकीतून तार आपोआप पुढे सरकणारे वेल्डिंग) काम होते आणि लांब जोडांना तेच सोयीचे पडते, मात्र पातळ पत्र्यावर सुरुवातीला रस नीट न मुरणे आणि शेवटी भोक पडणे हे दोन्ही धोके त्यात अधिक असतात. अ‍ॅल्युमिनियम वितळण्यापूर्वी लोखंडासारखे लाल होत नाही. शिवाय धातू ६६० अंशांना वितळतो, तर त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर वितळायला २००० अंशांहून अधिक तापमान लागते. म्हणून वरची कातडी शाबूत असताना आतला धातू पाणी झालेला असतो आणि अननुभवी हाताला ते दिसतही नाही. स्वतः वेल्डिंग करण्याचा आपला विचार असेल तर आधी त्याच जाडीच्या टाकाऊ पत्र्यावर हात बसवावा. नळीवर पहिला प्रयोग करू नये.

खरे काम वेल्डिंगच्या आधीचे आहे. प्रथम चिरेची टोके शोधावीत. लाल रंगाचे झिरपणारे द्रावण लावून, पुसून, वर पांढरा विकासक फवारला की डोळ्यांना न दिसणारा भागही उमटतो, आणि चीर वाटली होती त्यापेक्षा लांब निघणे ही नेहमीची गोष्ट आहे. खऱ्या टोकांवर तीन मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे वेल्डिंगच्या उष्णतेने ती पुढे धावत नाही. मग चीर कार्बाइडच्या कातणीने व्ही आकारात उघडावी. घासण्याच्या चाकाचे कण मऊ धातूत रुततात, म्हणून चाक शक्यतो टाळावे. त्यानंतर ॲसिटोनने तेलकटपणा काढावा आणि केवळ अ‍ॅल्युमिनियमसाठी राखून ठेवलेल्या स्टेनलेस ब्रशने ऑक्साइड घासावा. हा क्रम उलटा करू नये, नाहीतर ब्रश तेलच धातूत घासून बसवतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर तर या कामाच्या आसपासही असू नये, कारण त्याची वाफ वेल्डिंगच्या ज्वालेत आली की फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो.

नळी आतून कोरडी हवी. ओलाव्यातील हायड्रोजन वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये सहज विरघळतो आणि धातू घट्ट होताना बाहेर पडतो, त्यामुळे जोडात बारीक छिद्रे राहतात आणि पुन्हा गळती सुरू होते. आतून पाणी काढल्यावर एक-दोन दिवस कोरडी हवा खेळू द्यावी. याला सुरक्षिततेचीही बाजू आहे. ओल्या, गंजणाऱ्या अ‍ॅल्युमिनियममधून हायड्रोजन सुटतो, आणि बंद कप्प्यात तो किंवा इंधनाची वाफ साचलेली असेल तर पहिली ठिणगी स्फोटाला पुरेशी आहे. बूच काढून कप्पा ताज्या हवेने नीट धुवून घेतल्याशिवाय टॉर्च पेटवू नये. इंधनाची टाकी बोटीवरून उतरवावी, बॅटरी आणि इंजिनाची जोडणी सोडवावी, आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावावा. काही नळ्यांत फोम भरलेला असतो. तो जळला की विषारी धूर निघतो, म्हणून फोम असल्यास त्या भागातून तो काढल्याखेरीज वेल्डिंग करूच नये.

वेल्डिंग चालू असताना बूच उघडे राहिले पाहिजे. कप्पा बंद असेल तर तापलेली हवा शेवटच्या टाक्याच्या वेळी वितळलेला रस बाहेर फुंकते आणि जोड कधीच बंद होत नाही. आपल्या कप्प्याला बूच आहे हे चांगले आहे.

आता ठिगळाविषयी. जोडालगतचा पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने मऊ पडतो. ५०५२ एच३२ ची वाकण्याला विरोध करणारी ताकद सुमारे १९० मेगापास्कल असते, ती तापलेल्या पट्ट्यात ९० च्या आसपास उतरते. नुसती चीर भरली तर हा मऊ पट्टा नेमका त्याच ताणाच्या जागी येतो. म्हणून चीर भरून, ती सपाट करून, तिच्यावर त्याच मिश्रधातूचे आणि त्याच जाडीचे ठिगळ नळीच्या गोलाईला वळवून बसवावे व चहूबाजूंनी वेल्ड करावे, असे मी सुचवीन. ठिगळाचे कोपरे गोल असावेत, कारण टोकदार कोपऱ्यात ताण साचतो आणि पुढची चीर तिथूनच निघते. चिरेच्या प्रत्येक बाजूला तीन-चार सेंटिमीटर तरी अधिक पत्रा यावा, आणि ठिगळाची कडा जुन्या गोल जोडाला समांतर व अगदी चिकटून येऊ नये. ठिगळाखाली हवा कोंडली जाते, तेव्हा अखेरचा थोडा भाग थंड होऊ देऊन मग बंद करावा.

रेझीनकर

वेल्डिंगला माझा विरोध नाही, परंतु इपॉक्सी म्हणजे केवळ तात्पुरता उपाय असे सरसकट म्हणणेही बरोबर नाही. गंजाचे खड्डे, जोडातली सुईएवढी छिद्रे आणि ताण न येणाऱ्या जागा यांवर योग्य रीतीने लावलेले इपॉक्सी वर्षानुवर्षे टिकते. ते निघून येते तेव्हा दोष बहुधा पृष्ठभागाच्या तयारीचा असतो. घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर काही क्षणांतच नवा ऑक्साइड चढतो आणि इपॉक्सी धातूला न चिकटता त्या थराला चिकटते. यावर उपाय असा की स्वच्छ केलेल्या जागेवर प्रथम इपॉक्सीचा पातळ हात द्यावा आणि तो ओला असतानाच त्याच्यातून वाळूकागदाने किंवा तारेच्या ब्रशने धातू घासावा. मग उघडा झालेला धातू हवेला न भेटता थेट इपॉक्सीला भेटतो. त्याच ओल्या थरावर काचतंतूंचे कापड आणि पुढचे थर चढवावेत. इपॉक्सी कडक प्रकारचे नसावे, थोडे लवचीक असावे, कारण तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बरेच प्रसरण पावते. पॉलिएस्टर रेझीन मात्र मुळीच वापरू नये, ते अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही.

आपल्या चिरेबाबत मला वेल्डिंगचाच सल्ला पटतो, कारण ती लवणाऱ्या जोडालगत आहे. हंगाम संपेपर्यंत बोट चालवणे भागच असेल, तर चिरेच्या टोकांना भोके पाडून, अ‍ॅल्युमिनियमचे ठिगळ सीलंटवर बसवून बंद तोंडाच्या रिव्हेटांनी जखडता येईल. उघड्या तोंडाचे रिव्हेट दांड्याच्या जागेतून गळतात. पोलादाचे किंवा तांब्याचे रिव्हेट अ‍ॅल्युमिनियमला गंजवतात, तेही नकोत.

झाळकामाच्या कांड्यांविषयी स्पष्ट सांगतो. कमी तापमानाला वितळणाऱ्या या कांड्या मुख्यतः जस्ताच्या असतात. टेबलावरच्या तुकड्यावर त्यांचे काम सुंदर दिसते, परंतु मोठ्या नळीचा पत्रा उष्णता इतक्या वेगाने पसरवतो की साध्या ज्योतीने ती जागा एकसारखी तापवणेच अवघड जाते. त्यातून जोड जमला, तरी पाण्यात जस्त अ‍ॅल्युमिनियमआधी झिजते आणि झाळ हळूहळू खाल्ली जाते. पाण्याखालच्या भागासाठी मी हा पर्याय बाद करतो.

आर्गॉनधारा

रेझीनकर यांच्या मताला एक पुरवणी जोडतो. ज्या जागी पुढे वेल्डिंग करायचे निश्चित आहे तिथे आज इपॉक्सी किंवा सीलंट लावले, तर ते चिरेत खोलवर मुरते आणि नंतर जळून जोड दूषित करते. असे काम माझ्याकडे आले की मला तेवढा पत्रा कापून काढून नवा तुकडा बसवावा लागतो. बोट काही काळ पाण्याबाहेर ठेवणे शक्य असेल तर चीर कोरीच ठेवावी.

जलवाट

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. हवेचा हिशेब वाचल्यावर बोट उन्हातून पाण्यात सोडल्यावरच का कलते हे लख्ख समजले. खोलमाप यांनी सांगितल्याप्रमाणे बुडत्या नळीचा फाटा काढून चाचणी केली. चिरेखेरीज जुन्या जोडात आणखी एका ठिकाणी बारीक बुडबुडे आले. शेजारच्या कप्प्याच्या तोंडावरचा पापुद्रा मात्र हलला नाही, म्हणजे आडभिंत शाबूत आहे. वेल्डिंग करून घेण्याचे मी ठरवले आहे. दोन शंका उरतात. वेल्डिंगपूर्वी आतून हवा भरून पोचा बाहेर ढकलावा असे मला कोणी सुचवले आहे, ते योग्य आहे का? आणि तळाच्या खड्ड्यांचे काय करावे?

गंजशोधक

खड्ड्यांबद्दल मी लिहितो. आपण वर्णन केलेली जागा, म्हणजे लाकडी आधारांवर टेकणारा पट्टा, हेच निदान आहे. कुजू नये म्हणून अनेक प्रकारच्या लाकडांत तांब्याची संयुगे मुरवलेली असतात. ओल्या लाकडातून आणि त्यावरच्या गालिच्यातून ती झिरपतात, तांब्याचे सूक्ष्म कण अ‍ॅल्युमिनियमवर बसतात, आणि प्रत्येक कणाभोवती धातू खाल्ला जाऊन खड्डा पडतो. गालिचा दीर्घकाळ ओला राहत असल्याने त्याच्याखाली धातूला ऑक्साइडचे कवच दुरुस्त करण्याइतकी हवाही मिळत नाही. खडकाने पडलेल्या चिरेशी याचा संबंध नाही, पण हे असेच चालू राहिले तर पुढची गळती इथूनच होईल.

म्हणून प्रथम आधार बदलावेत. तांबे नसलेले लाकूड घ्यावे किंवा लाकूड आणि नळी यांच्यामध्ये प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्या बसवाव्यात, आणि बोट ट्रेलरवर असताना तिथे पाणी साचू देऊ नये. मग खड्डे घासून त्यांची खोली मोजावी. अडीच मिलिमीटरच्या पत्र्यात खड्डा एक मिलिमीटरहून उथळ असेल तर रेझीनकर यांच्या ओल्या घासणीच्या पद्धतीने इपॉक्सी भरणे पुरेसे आहे. त्याहून खोल खड्डे दाटीने असतील तर तेवढ्या भागावर ठिगळ वेल्ड करून घ्यावे. वर रंग देणार असाल तर अ‍ॅल्युमिनियमसाठीचा प्रायमर आधी हवा, आणि शेवाळरोधक रंगात तांबे नाही याची खात्री डब्यावर वाचून करावी.

बोटीला अ‍ॅनोड (बोटीऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) लावलेला नसेल तर लावावा. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड चांगले काम करतो. जस्ताचा अ‍ॅनोड गोड्या पाण्यात लवकरच निष्क्रिय थराने झाकला जातो आणि नुसता लटकत राहतो. मात्र हीच बोट कधी खाऱ्या पाण्यात नेणार असाल तर मॅग्नेशियम काढून ठेवावे, कारण तिथे ते फार वेगाने झिजते. धक्क्यावरच्या विजेला बोट जोडून ठेवण्याची सवय असेल, तर अर्थिंगच्या तारेतून वाहणारा गॅल्व्हॅनिक प्रवाह, म्हणजे वेगवेगळ्या धातूंमुळे निर्माण होणारा गंजकारी प्रवाह, हा वेगळा शत्रू आहे. त्या वेळी अर्थिंगच्या तारेवर हा प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवावा.

आर्गॉनधारा

पोचा हवेने ढकलू नये. त्यासाठी लागणारा दाब नळीच्या टोकांना आणि आडभिंतीला सोसणारा नसतो, आणि सर्वांत कमजोर भाग पोच्याआधी हार मानतो. शिवाय पोच्याच्या घडीत पत्रा आधीच ताणून कठीण झालेला असतो. तो उलटा वाकवला की तिथे नवी चीर पडू शकते. पोच्यामुळे तरंगण्याची क्षमता नगण्य कमी होते. आपल्या पोच्याला तीक्ष्ण घडी नसेल तर तो तसाच राहू द्यावा. घडी तीक्ष्ण असेल तर त्या घडीवरही रंगद्रावणाची चाचणी करावी, आणि चीर निघाली तर तेवढा भाग गोल कोपऱ्यांनी कापून नवा तुकडा बसवून घ्यावा.

चाचणीत सापडलेली दुसरी बारीक गळती जुन्या जोडातील छिद्राची असावी. तिच्यावरून नुसता नवा रस फिरवू देऊ नका, कारण छिद्रातला मळ उकळून पुन्हा वर येतो. ती जागा कातून शुद्ध धातूपर्यंत उघडावी आणि मग भरावी. सर्व काम झाल्यावर नळी थंड होऊ द्यावी आणि त्याच एक मीटर पाण्याच्या दाबावर पुन्हा साबण फिरवावा. ही चाचणी इपॉक्सी किंवा रंग चढवण्यापूर्वीच करावी, कारण रंगाचा थर बारीक छिद्र झाकतो आणि ते पुढच्या उन्हातच उघडे पडते.